बर्फाची जाडी

मंगळवारी डबा येतो. झाकणावर नाव:
आर्वेद लाउक, वय अठ्ठावन्न, हिउमा बेट.
फॉर्मॅलिनमध्ये स्वादुपिंडाची शेपटी,
आणि तिच्या नादानं फुकट गेलेली प्लीहा.
लिइवी खिडकी किलकिली करते.
बाहेर तार्तू, उणे सतरा.

कागदावर धंदा लिहिलेला नाही.
तो मला सर्जननं सांगितला, जिन्यात.
समुद्र गोठला की हा माणूस बर्फावरचा रस्ता राखतो.
पहाटे गिरमिट घेऊन निघतो,
भोक पाडतो, पट्टी सोडतो, आकडा वहीत उतरवतो.
बावीसच्या खाली भरला तर रस्त्याला साखळी.
वर भरला तर गाड्या सोडायच्या,
आणि आतल्यांना बजावायचं: पट्टा लावू नका.
बुडताना सोडायला वेळ नसतो.

आम्हीही त्याला भोक पाडलं होतं, नोव्हेंबरात.
जठरातून सुई, तीनदा.
हाती लागल्या चार-दोन चपट्या पेशी, केंद्रक हरवलेल्या,
आणि मळकट भुगा.
मी लिहिलं, निदानास अपुरं.
रक्तातला तो एक आकडा मात्र चढलेला,
स्कॅनवर चार सेंटिमीटरची सावली,
आणि जागा स्वादुपिंडाची, जे नावापुरतंच गोड.
तिथं सावली दिसली की कुणी वाट बघत बसत नाही.
बैठकीत कुणीतरी म्हणालं, कापा.
कुणीतरी नव्हे.
मीच म्हणाले, सगळ्यांच्या आधी.

सुरी फिरवते.
आत चक्का. पांढरा, रवाळ, पात्याला चिकटणारा.
लिइवी म्हणते, हे काय?
मी गप्प. मला अंदाज आलेला असतो
आणि तो खरा ठरू नये असंही वाटत असतं,
जे माझ्या धंद्यात उलटं आहे.

गुरुवारी चार मायक्रॉनचा काप, जांभळा, गुलाबी.
भिंतीला आतून त्वचा.
हो, त्वचाच. फरशीवर फरशी बसवलेली,
वरून सुटत चाललेले पापुद्रे,
ना केस, ना घामाची ग्रंथी.
उन्हाचा कवडसा जिथं कधी जायचा नाही
तिथं कुणाचंतरी कोपर गुपचूप वाढत होतं,
कोंडा झाडत होतं, स्वतःच्याच पोटात साठवत होतं.
बाहेरून लिम्फपेशींचा वेढा,
मधूनमधून फिकट वर्तुळं, शेकोटीभोवती बसावं तशी.
फौज खरी, पण कुणावर चालून जात नाही.

लिम्फोएपिथेलियल सिस्ट.
एकोणीस वर्षांत माझी दुसरी.

आणखी आठ काप मागवते.
एखादी पेशी वेडीवाकडी, एखादं केंद्रक माजलेलं,
काहीतरी सापडू दे, असं मनात येतं
आणि मी भिंगावरून डोळा काढते.
काही नाही. सगळं शहाणं.
साप साप म्हणून आम्ही भुई धोपटली,
आणि भुई माणसाची होती.

मार्चात तो स्वतः येतो, तळघरात, जिथं पेशंट येत नाहीत.
टोपी हातात. टाके सांभाळत बसतो.
विचारतो, भिंत किती जाड होती?
दोन मिलिमीटर.
मान हलवतो, आकडा पटल्यासारखी.
मग मीच बोलून टाकते, ज्याची तयारी करून ठेवली होती ते,
सुई, सावली, रक्त, बैठक.
तो मधेच म्हणतो:
'मागच्या वर्षी बर्फ सव्वीस भरला होता.
रंग आवडला नाही. मी साखळी लावली.
चार दिवस. काही फुटलं नाही.
एक बाई आईच्या पुरण्याला पोचली नाही त्यापायी.
अजून दुकानात माझ्याकडे बघत नाही.
बरोबर करते.'

बरोबर कोण, हे तो सांगत नाही. मी विचारत नाही.

मग खिशातून छोटं यंत्र काढतो,
बोटाला टोचतो, थेंबाची वाट बघतो.
अर्धं स्वादुपिंड गेल्यापासून दिवसातून तीनदा.
तीच वही. बर्फाचे आकडे संपतात त्या पानावर
रेघ न मारता साखरेचे सुरू झालेत.

माझ्या अहवालात शेवटची ओळ:
सौम्य. पुढील उपचारांची गरज नाही.